हमरस्त्यावरचा निखारा

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेला प्रवासी हडपसर, लोणी काळभोर आणि उरुळी कांचन मागे टाकून दौंड तालुक्याच्या हद्दीत आला, म्हणजे यवतच्या पुढे भांडगाव, चौफुला, वरवंड आणि पाटस अशी गावांची जी ओळ लागते, तिच्या दोन्ही अंगांना, उसाच्या फडांकडे पाठ आणि वाहनांकडे तोंड करून बसलेली उपाहारगृहे त्याच्या दृष्टीस पडू लागतात. सरकारी दप्तरात पूर्वी ९ आणि आता ६५ हा क्रमांक धारण करणाऱ्या या महामार्गावर खाण्याचा धंदा काही आजचा नव्हे. चहा-भजी, मिसळ आणि मटण-भाकरी यांच्या बळावर तो वर्षानुवर्षे सुखेनैव चालत आला आहे. अलीकडे त्यात ज्या नव्या प्रकाराची भर पडली आहे, त्याची लक्षणे दुरूनही ओळखू येतात: पाणी मारून राखलेली हिरवळ, दिव्यांच्या माळा, मुलांसाठी घसरगुंडी आणि फलकावर ज्वाळांनी वेढलेली कोंबडीची तंगडी. रविवारी सायंकाळी हडपसर-मगरपट्ट्याकडील कुटुंबे, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून सुटलेली मित्रमंडळी, सोयरीक जुळवून परतणारे पाहुणे असे नाना थरांतील लोक येथील बार्बेक्यूच्या मेजांभोवती मोठ्या उमेदीने बसतात. आणि दीड-दोन तासांनी, पोट भरलेले असूनही काहीतरी हुकल्याच्या भावनेने, मोटारीचे दार किंचित जोराने लावून घेतात.

ही हुकल्याची भावना कोठून येते, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. कोणा एका उपाहारगृहाचे नाव घेऊन त्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण तक्रारींचा तपशील ऐकू जाता तो जवळजवळ सर्वत्र एकच निघतो. कोंबडीचे तुकडे बाहेरून काळवंडलेले आणि आतून निव्वळ चोथा; तंगडी हाडापाशी लालसर; मटणाचा सीख कबाब टाळूला चिकटणारा; पनीर चिवट; वीस नावांच्या वीस पदार्थांना मिळून एकच तांबडी चव; आणि पाऊण तास काहीच न येता नंतर सर्व काही एकदम येऊन त्यातील निम्मे निवून जाणे. (कोशिंबिरीविषयी मात्र सहसा कोणी तक्रार करीत नाही.) इतक्या वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या आचाऱ्यांच्या हातून जर नेमकी तीच चूक घडत असेल, तर ती हाताची चूक नसून कारभाराच्या रचनेची असावी, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

निखाऱ्यावर मांस भाजणे ही या मुलखात परदेशातून आयात झालेली कला आहे, असा एक समज आढळतो, तो प्रथम दूर करावयास हवा. आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर ज्यांची सत्ता होती, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यातील अन्नभोगाच्या भागात मांसाचे तुकडे शलाकेवर भाजून ‘भडित्रक’ करण्याचा प्रकार आलेला आहे, आणि अमरकोशातही शूळावर भाजलेल्या मांसासाठी स्वतंत्र शब्दांची नोंद आहे. तेव्हा कलेच्या प्राचीनतेविषयी वाद नाही. राजाच्या मुदपाकखान्यात आणि हमरस्त्यावरील भटारखान्यात अंतर पडते ते दुसऱ्याच ठिकाणी. राजाला काय खावयाचे आहे ते आचाऱ्यास आधी ठाऊक असे, आणि ते तयार होईपर्यंत राजा थांबत असे.

निखारा म्हणजे वस्तुतः काय करतो, ते पाहू. चांगला पेटलेला कोळसा सहाशे-सातशे अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो, आणि त्याची उष्णता मांसापर्यंत मुख्यत्वे किरणांच्या रूपाने पोहोचते. या किरणांनी प्रथम तुकड्याचा पृष्ठभाग तापतो. परंतु तो ओला असेपर्यंत पाण्याची वाफ होण्यातच उष्णता खर्ची पडते आणि पृष्ठभागाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहते. ओलावा उडाला, की मगच ते १४० अंशांच्या पुढे चढते, आणि तेथे प्रथिनांचे घटक व शर्करा यांच्यात ती प्रक्रिया वेगाने सुरू होते, जिचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रथम केले. भाजलेल्या मांसाचा खमंगपणा, त्याचा तपकिरी रंग, भाकरीच्या पापुद्र्यावरील डागांचा सुवास, हे सर्व त्याच प्रक्रियेचे वैभव आहे. उकडलेल्या कोंबडीला जो गंध कधीही येत नाही, तो भाजलेलीस येतो, त्याचे कारण एवढेच.

पण पृष्ठभागाला हवे असते ते अंतर्भागाला सोसत नाही. मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन पन्नास अंशांच्या सुमारास आकसू लागते, तेथवर मांस केवळ घट्ट होते. परंतु ६६ ते ७३ अंशांच्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरे प्रथिनही आकसले, की तंतू पिळले जाऊन रस बाहेर पडतो. कोंबडी आरोग्यास निर्धोक होण्यासाठी तिचे अंतर्भागातील तापमान ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे, असा सर्वमान्य दंडक आहे. याचा अर्थ असा, की कोंबडीच्या छातीच्या मांसापुरते बोलावयाचे, तर धोक्याची सीमा जेथे संपते तेथेच शुष्कतेची सीमा सुरू होते, आणि या दोहोंमधील चिंचोळी वाट बाहेरून खमंग करीत करीत गाठावयाची असते. शेगडीपुढे उभा राहणारा मनुष्य दोन मिनिटे फोनवर बोलला, तरी ती वाट मागे पडते. तंगडीची गोष्ट निराळी. तिच्यात स्निग्धांश आणि संयोजी ऊती अधिक असल्यामुळे ती ऐंशी अंशांपर्यंतही आपला रस राखून असते. म्हणून जाणता मनुष्य अशा ठिकाणी बिनहाडाचे तुकडे न मागवता तंगडी मागवतो. तिच्या हाडालगतच्या लालीने मात्र पुष्कळांचा गैरसमज होतो. ब्रॉयलर पक्षी कोवळ्या वयाचा असल्याने त्याची हाडे सच्छिद्र असतात, आणि विशेषतः तो गोठवून ठेवलेला असेल तर मज्जेतील रक्तद्रव्य झिरपून आसपासचे मांस रंगते. पूर्ण शिजलेल्या तंगडीतही ही लाली दिसू शकते, आणि तिच्या कच्चेपणाविषयी झालेल्या वादात आचाऱ्याची बाजू कधी कधी खरीही असते. पारख रंगावरून न करता मांसाच्या तंतूंवरून आणि रसावरून करावी, हे उत्तम.

या पक्ष्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याच्या इतिहासाशी पुणे जिल्ह्याचा निकटचा संबंध आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापिलेल्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने भारतातील कुक्कुटपालनाचा चेहरामोहराच पालटला. जी कोंबडी पूर्वी सणावारी किंवा आजाऱ्याच्या सुपासाठी कापली जाई, ती आठवड्याच्या बाजारातील सामान्य वस्तू झाली. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरणारा हा पक्षी मऊ आहे, स्वस्त आहे आणि बारमाही आहे. मात्र इतक्या अल्प आयुष्यात स्नायूंना जी चव येते, ती फारच बेताची. गावठी कोंबडी याच्या नेमकी उलट: चवदार आणि चिवट. आपल्याकडच्या पाकपरंपरेने सारे उपाय योजले ते त्या चिवट पक्ष्यासाठी. दही, लिंबू, कच्च्या पपईचा गर हे त्या उपायांपैकीच. आणि ते आता, कसलीही गरज नसताना, कोवळ्या ब्रॉयलरवर योजले जातात. आंबट पदार्थ तुकड्यात काही मिलिमीटरांपलीकडे शिरत नाहीत. ते पृष्ठभागीच आपले काम करीत राहतात, आणि चार तासांऐवजी दोन दिवस त्यांना मोकळीक दिली तर तो पृष्ठभाग पिठूळ होतो. पपईतील पपेन तर तुकडा कोमट असताना, साधारण पन्नास ते सत्तर अंशांच्या दरम्यान, अधिकच चेकाळते. दातांना विरोध न करणारा आणि जिभेला काहीही न सांगणारा जो कबाब आपल्यापुढे येतो, त्याची कुळकथा ही अशी आहे. खोलवर शिरते ते एकटे मीठ, आणि नेमके तेच पुष्कळ ठिकाणी वरून भुरभुरले जाते.

दोन दिवस मसाल्यात राहण्याची वेळ त्या तुकड्यांवर का येते, याचे उत्तर पंचांगात आहे. मराठी मांसाहारी कुटुंबांचा आठवडा एकसारखा नसतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्ये एकादशी, संकष्टी. मार्गशीर्षातील गुरुवार तर विशेष कडक. आणि श्रावण सुरू झाला म्हणजे महिनाभर चुलीचा धर्मच बदलतो. परिणामी मांसाहारी गिऱ्हाईक बुधवार, शुक्रवार आणि मुख्यतः रविवार यांवर तुटून पडते. आषाढातील अखेरच्या आठवड्यात जागा मिळत नाही आणि पुढच्या आठवड्यात मेजे ओस पडतात. ज्या खाणावळीत मटणाचा एकच रस्सा शिजतो, तिला या चढउताराचे विशेष काही वाटत नाही. रविवारी दोन बोकड, सोमवारी पिठले, हा हिशेब सोपा आहे. परंतु ज्याच्या मेन्यूवर भाजावयाचे चाळीस प्रकार छापलेले आहेत, त्यास ते चाळीसही प्रकार ‘आज नाहीत’ असे म्हणण्याची चोरी असल्याने, बुधवारी मसाला लावलेला माल शुक्रवारपर्यंत आणि शुक्रवारचा रविवारपर्यंत राखून ठेवणे भाग पडते. हे राखणे फ्रीजरच्या भरवशावर, आणि फ्रीजर ग्रामीण वीजपुरवठ्याच्या भरवशावर. मांस एकदा गोठून, किंचित सुटून पुन्हा गोठले, की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, तंतूंच्या भिंती फोडतात, आणि शेगडीवर जाण्याआधीच रसाचा मोठा हिस्सा भांड्याच्या तळाशी जमा झालेला असतो.

यापेक्षाही मोठी हानी एका दुसऱ्या रिवाजाने होते, आणि तो रिवाज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड पाळला जातो. हाडाची कोंबडी निखाऱ्यावर कच्च्यापासून भाजावयाची, तर अर्धा तास सहज लागतो. महामार्गावरील गिऱ्हाईक अर्धा तास थांबावयास तयार असेल, असे मालकास वाटत नाही. सोलापूर गाठावयाचे असते, पाटसचा टोलनाका पुढे असतो, मुले पेंगुळलेली असतात. म्हणून दुपारीच सर्व तुकडे तंदुरात किंवा वाफेवर तीन-चतुर्थांश शिजवून काढतात, ते थंड करून ठेवतात, आणि रात्री मागणी आली, की शेगडीवर चार मिनिटे फिरवून, वर लोण्याचा हात देऊन, धूर निघत असताना मेजावर पाठवतात. देखावा यथास्थित असतो. परंतु मांस दुसऱ्यांदा तापले म्हणजे उरलासुरला रसही जातो, आणि त्याखेरीज एक सूक्ष्म विकृती घडते, जिचा छडा टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ साली लावला. मांस शिजताना त्यातील लोह बंधमुक्त होते. ते शीतकपाटातही स्वस्थ न बसता स्निग्धांशाच्या प्राणिलीकरणास चालना देते, आणि काही तासांतच त्यास एक मळकट, पुठ्ठ्याची आठवण करून देणारा वास येऊ लागतो. कोंबडीतील स्निग्धांश या विकारास विशेष बळी पडतो. ‘शिळे नाही, पण ताजेही नाही’ असे जे आपण म्हणतो, ते बहुधा या वासाबद्दलच असते. आणि तो झाकण्यासाठी तांबड्या मसाल्याचा दुसरा थर दिला जातो, म्हणून वीस पदार्थांची चव एक होते. ज्यांच्या घरी रात्रीची कोंबडी सकाळी खाण्याची पद्धत आहे, ते विचारतील, की मग शिळा रस्सा अधिक चांगला का लागतो? रश्शात तुकडा बुडालेला असतो, हवेशी त्याचा संबंध तुटलेला असतो आणि कांदा, लसूण व गरम मसाला यांतील काही द्रव्ये त्या प्राणिलीकरणास आवर घालतात. सळईवर उघड्या पडलेल्या तुकड्यास हे संरक्षण नाही.

मटणाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, की या मुलखातील मटण निखाऱ्याचा पदार्थच नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. संगमनेरी किंवा उस्मानाबादी जातीचा, माळरानावर चरत हिंडलेला बोकड हा कष्टाळू प्राणी आहे. त्याच्या स्नायूंत कोलॅजनचे प्रमाण मोठे असते, आणि कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होण्यास ओलसर उष्णता आणि तास-दोन तासांचा अवधी लागतो. आपल्या पूर्वजांनी मटणाचा रस्सा केला तो याच कारणाने, आणि ज्या टेक्सास प्रांताच्या बार्बेक्यूचा जगभर गाजावाजा आहे, तेथील लोकही गोमांसाचा चिवट छातीचा भाग १०० ते १२० अंशांच्या मंद धुरात दहा-बारा तास ठेवतात ते याच कारणाने. जलद आचेवर हे काम होणे नाही. मग खिमा करून सीख कबाब करावा, तर त्यासाठी खिम्यात मीठ घालून तो चांगला मळावा लागतो, म्हणजे मायोसिन सुटून तो सळईस धरून राहतो. या मेहनतीस फाटा देऊन मैदा किंवा पावाचा चुरा घातला, की कबाब पडत नाही हे खरे, पण तो चावताना कबाब राहिलेला नसतो. आणि उत्तम केलेला कबाबही दौंडच्या माळावरील पौषातल्या थंडीत, उघड्या हिरवळीवर, फार काळ तग धरीत नाही. शेळ्या-मेंढ्यांची चरबी चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या खाली गोठू लागते, तर आपले तोंड सदतीस अंशांचे. तेव्हा ताटली निवली, की चरबी टाळूवर मेणाचा थर देऊन जाते. मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत १९४६ पासून चालत आलेल्या ‘बडे मियां’च्या गाडीवर माणसे उभ्याने, बोटे पोळत कबाब खाताना दिसतात, त्यात गैरसोय आहे, पण ती गैरसोय कबाबाच्या हिताची आहे. लॉन, गप्पा आणि छायाचित्रे यांच्या नादात दहा मिनिटे दवडणाऱ्याने कबाबास दोष देताना थोडा हात राखावा.

काही उपाहारगृहांत मेजाच्या मधोमध खळगा करून त्यात निखाऱ्याची शेगडी बसवतात, सळया तिच्यावर आडव्या ठेवतात, आणि ठरावीक रकमेत हवे तितके खा, असा करार असतो. येथे पदार्थ शिजत नाही. तो आतून शिजूनच आलेला असतो, आणि शेगडी केवळ तो ऊन ठेवण्याच्या मिषाने त्याची खालची बाजू वाळवीत राहते. पहिल्या वीस मिनिटांत निखाऱ्यावर राखेचे पांढरे आवरण चढते, उष्णता निम्म्यावर येते, आणि ती राख झटकावी हे कोणाच्याच कर्तव्यात मोडत नाही. (बंद, वातानुकूलित दालनात जळता कोळसा ठेवणे हे धोक्याचेही आहे, धुराडे आणि हवेचा उपसा नीट नसेल, तर न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तेथे साचतो, आणि जेवणानंतरची डोकेदुखी आपण उगीच मसाल्याच्या माथी मारतो.) अमर्याद खाण्याच्या या करारात मालकाचा जमाखर्च कसा जुळतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम येतात ते बटाटे, मका, अननस आणि पाव. कोळंबी येते तेव्हा पोटात जागा उरलेली नसते. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. रक्कम ठरलेली असेल तर दुसरे काय होणार? परंतु बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगांनी दाखवून दिले, की एकाच चवीचा पदार्थ खात राहिल्यास त्याच चवीविषयीची इच्छा मरते, इतर चवींविषयीची मात्र शाबूत राहते. वीस सळयांना दोनच मसाले, एक तांबडा आणि एक हिरवा, असतील, तर सहाव्या सळईशी जीभ राजीनामा देते. पोट पुढे खात राहते, कारण पैसे दिलेले असतात.

पनीराचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. ते आम्लाने फाडलेल्या दुधाचे असल्यामुळे तापले तरी वितळत नाही. पाणी गेले, की फक्त कडक होते. त्याचा तुकडा जाड असावा, आच तीव्र असावी आणि वेळ थोडा असावा. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी उलट असतात.

आता या सर्व व्यवहाराच्या मुळाशी जो कोळसा आहे, त्याच्याविषयी. माळरानांवर, ओढ्याकाठी आणि पडीक गायरानांत माजलेली वेडी बाभूळ ही मूळची अमेरिकेची. तिचे लाकूड जड, आणि कोळसा दमदार. तो पाडण्याचे काम रायगड-ठाण्याकडील कातकरी कुटुंबे करतात. ठेकेदाराकडून पावसाळ्यातच उचल घेऊन दिवाळीनंतर ही माणसे मुलाबाळांसह घाटावर येतात, लाकूड तोडून त्याची रास रचतात, ती पाचोळ्याने व मातीने लिंपतात आणि आत हवा बेताची जाईल असा बंदोबस्त राखीत ती कित्येक दिवस धुमसत ठेवतात. रात्री मातीस भेग पडली आणि कोणाच्या लक्षात आली नाही, तर सकाळी कोळशाऐवजी राख हाती लागते; म्हणून भट्टीची राखण रात्रंदिवस करावी लागते. इतके करून कोळसा मिळतो तो लाकडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. उचलीचा हिशेब फिटता फिटत नाही, ही त्या धंद्याची दुसरी, काळी बाजू. पूर्ण पाडलेला कोळसा जवळजवळ धूर करीत नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याला आपण कोळशाचा वास म्हणतो, तो बहुतांशी मांसातील रस व चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणाऱ्या वाफेचा असतो. बिनहाडाचे, बिनचरबीचे तुकडे ठिबकतच नाहीत, म्हणून त्यांना तो येत नाही, आणि मग वाटीत निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून, झाकणाखाली धुंगार देण्याची युक्ती करावी लागते. आणि कच्चा पाडलेला, घाईने भट्टी फोडून आणलेला स्वस्त कोळसा धूर करतो खरा, पण त्या धुराने अन्न कडवट होते. पोत्यातून तो कोणता निघेल, हे पोते उघडल्यावाचून समजत नाही.

याच रस्त्यावर, याच थंडीच्या दिवसांत, निखाऱ्याचा एक विधी मात्र क्वचितच फसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी पौष-माघात हुरड्यास आली, म्हणजे शेताच्या बांधालगत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. ज्वाळ विझून लाल विस्तव उरला, की त्यात कणसे खुपसतात, फिरवतात, आणि काढून गरमागरम असतानाच तळहातावर चोळतात. हा पदार्थ थांबत नाही. दाण्यातील साखर दिवसागणिक पिष्टात रूपांतरित होत असते; आठवड्याच्या विलंबाने गोडी जाते आणि घटकाभराच्या विलंबाने दाणा कडक होतो. म्हणून आगटीपाशी बसलेला मनुष्य दुसरे कोणतेही काम करीत नाही, आणि खाणारेही त्याच्याभोवतीच बसतात. गूळभेंडी किंवा सुरती जातीचे कणीस, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही: एवढ्यावर मेन्यू संपतो. उसाने आणि कालव्याच्या पाण्याने या तालुक्यातील ज्वारीचे क्षेत्र आक्रसले आहे खरे, पण हुरड्याची हौस शहरवासीयांत वाढल्याने आगट्या पुन्हा पेटू लागल्या आहेत. त्यातील काहींनी शेजारी कबाबाची शेगडीही मांडली आहे, ही चिंतेची गोष्ट.

मोठ्या संख्येस जेवू घालणे हेच निकृष्टतेचे कारण, असे कोणी म्हणेल, तर त्यासही या परिसरातच उत्तर आहे. आषाढी वारीत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करते, तेव्हा गावकरी हजारो वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. घरोघरच्या भाकऱ्या, मंदिरापाशी मोठ्या कढयांत पिठले, आणि त्या जेवणाची कीर्ती वारीत वर्षानुवर्षे सांगितली जाते. दुसऱ्या दिवशी भांडगाववरून वरवंडकडे जाणाऱ्या दिंड्यांत त्याचीच चर्चा असते. एकच पदार्थ, तो उतरत असताना वाढलेला, आणि शिळा उरण्याची शक्यताच नाही. तसेच पुढे भिगवणला. उजनी धरणाच्या फुगवट्यात आफ्रिकेची चिलापी मासळी मुबलक झाली, आणि ती तळून देण्याच्या एका गोष्टीवर तेथील खाणावळींनी नाव कमावले. मासा जवळचा, खप मोठा, म्हणून साठवणुकीचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही.

असे असूनही बार्बेक्यूस जाण्याचा प्रसंग येणारच; मुले ऐकत नाहीत, आणि कार्यालयातील मंडळींनी जागा आधीच राखून ठेवलेली असते. अशा वेळी मेन्यू बाजूला ठेवून आज कोणता माल सकाळी आला, ते विचारावे. बुधवार किंवा रविवार साधावा. दोनच पदार्थ मागवावेत, त्यातील एक तंगडी असावी. आणि ते एकापाठोपाठ एक आणण्यास सांगावे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये मिळालेल्या परवान्याचा क्रमांक दर्शनी भागी लावलेला असतो, तो पाहून ठेवण्यास हरकत नाही, कारण अन्न खरोखर बिघडलेले असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे दाद मागता येते. बिलात सेवाशुल्क आपोआप चढवलेले असेल, तर ते काढावयास सांगण्याचा आपणास हक्क आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली.

निव्वळ बेचव अन्नाविरुद्ध मात्र कोणत्याही कचेरीत अर्जी चालत नाही. त्याची तक्रार जागच्या जागी, ताटली उचलली जाण्यापूर्वीच केली पाहिजे, आणि तीही दोषाचा प्रकार पाहून. कच्चा राहिलेला तुकडा पुन्हा शेगडीवर जाऊन सुधारतो. कोरडा पडलेल्यास उपाय नाही; गेलेला रस परत येत नाही, म्हणून तेथे नवाच तुकडा मागावा. त्यास अर्धा तास लागेल, असे उत्तर मिळाले तर ते बहुधा खरे असते. आणि तो पाच मिनिटांतच समोर आला, तर कोठून आला, हे वाचकास आता निराळे सांगावयास नको.